आजोबांचा चाकू आधी वाचा, दुसरा मग घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खारघरला राहता, नोकरी नवी आहे. गावच्या घराची आवराआवर करताना आजोबांचा घडीचा चाकू सापडला. काळी शिंगाची मूठ, एकच पातं, पात्याच्या बुडाशी ‘रॉजर्स’सारखी अक्षरं आणि शेजारी चांदणी. तेव्हापासून असे चाकू जमवावेत असं मनात घोळतंय. महिन्याला दोन हजार बाजूला काढता येतील. पहिला चाकू कोणता घ्यावा, ठाणे-मुंबईत कुठे बघावं, दिवाळीत जर्मनीहून येणाऱ्या मावसभावाकडून काय मागवावं आणि ‘घरात हत्यारं नकोत’ म्हणणाऱ्या आईला काय सांगावं, हे तुम्हाला हवंय.

पहिला चाकू तुमच्याकडे आलेलाच आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आता दुसरा घेण्याआधी हा नीट वाचून काढा. या छंदात येणारे बहुतेक जण उलटं करतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत डझनभर चाकू ऑनलाइन मागवतात, खण भरतो, आणि त्यातल्या एकाबद्दलही धड दोन वाक्यं सांगता येत नाहीत. मग कंटाळा येतो आणि सगळं अर्ध्या किमतीत विकायला काढतात. मी ठाण्याचा, उमेद वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मला पोलादाची बाजू आधी कळली आणि इतिहास मागून. तुम्ही कुठूनही शिरा, पण एका चाकूत खोल शिरा.

वाचायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो. चाकू अर्धा उघडा, पात्याच्या बुडावर, म्हणजे जो भाग मुठीत खिळलेला असतो त्यावर, थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि वरची कोरड्या फडक्याने पुसून टाका. खोलगट अक्षरांत पांढरं राहतं आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की झिजलेला शिक्काही बऱ्यापैकी उमटतो. तुम्हाला दिसलेल्या चांदणीच्या शेजारी जाड टोकांची फुली असेल, तर ती माल्टीज क्रॉस. चांदणी आणि हा क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याची जोडखूण, त्यांना ती १७६४ मध्ये मिळाली. मुकुट दिसतो का पाहा आणि त्याच्या दोन बाजूंना कोणती अक्षरं आहेत तेही पाहा. ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर व्हिक्टोरिया राणी. ‘जी’ आणि ‘आर’ असेल तर जॉर्ज राजा, म्हणजे पाचवा (१९१० ते १९३६) किंवा सहावा (१९३६ ते १९५२). शिक्क्यात ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का, हेही बघा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हापासून शेफील्डच्या मालावर ‘इंग्लंड’ सर्रास येऊ लागलं. म्हणजे तो शब्द असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा.

एवढ्यावर ‘आजोबांचा चाकू अस्सल रॉजर्स’ असं मात्र जाहीर करू नका. या नावाची ख्याती पूर्वेच्या बाजारात एवढी होती की नकला करणाऱ्यांनी त्यावर पोटं भरली. नक्कल ओळखायला शिक्क्याहून चांगला साक्षीदार म्हणजे बांधणी. चाकू मिटा आणि पाठ उजेडाकडे करून डोळ्यांसमोर धरा. पाठीची स्प्रिंग (मुठीच्या पाठीवरची पोलादी पट्टी) आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधून उजेडाची रेघ दिसते का? चांगल्या कारागिराच्या हातच्या चाकूत ऐंशी वर्षांनीही ती दिसत नाही. मग पातं हळूहळू उघडा. अर्ध्यावर येईपर्यंत सारखा दाब, शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने पातं स्वतःच ओढून घेणं आणि ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज, ही चांगली चाल. पातं मध्येच सैल पडत असेल किंवा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलत असेल, तर रिव्हेट (पातं मुठीत धरणारा खिळा) झिजलाय किंवा बांधणी मुळातच कच्ची आहे.

पात्याची रुंदी बुडाशी किती आणि मध्ये किती, तेही बघा. मध्ये खोलगट झालेलं पातं म्हणजे वर्षानुवर्षं सहाणेवर घासलेलं. विकायला गेलात तर याने किंमत पडते. तुम्ही विकणार नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ती आजोबांच्या वापराची नोंद आहे. सुपारी, आंबा, दोरी, नेमकं काय कापायचे ते आजी किंवा एखादी आत्या अजून सांगू शकेल. विचारून लिहून ठेवा. अशी माहिती कुठल्याही शिक्क्यात मिळत नाही.

आता हात आवरा. हा चाकू चकचकीत करायचा मोह होईल, तो करू नका. पितळेची भांडी घासायचं पॉलिश नाही, पॉलिश पेपर नाही, आणि सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे तर मुळीच नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी त्याला जरूर बोलवा. पण त्याच्या चाकावर मिनिटभरात जेवढं पोलाद जातं तेवढं दगडावर काही वर्षांत जात नाही, आणि धारेपाशी पातं तापून निळं पडलं की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजा. त्यापुढे तेवढी जागा मऊच राहते. पॉलिशचं नुकसान वेगळं: शिक्का पुसट होतो, आणि इतक्या वर्षांत तयार झालेला करडा-काळा थर जातो. तो थर गंज नव्हे, उलट लाल गंजाला थोडा अटकाव करतो. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा तेवढाच गंज काढायचा. त्यासाठी शिलाई मशीनचं तेल दोन थेंब, रात्रभर ठेवा, मग पितळी पट्टीच्या कडेने हलक्या हाताने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने चरा पडत नाही. सांध्यात तेल सोडून दहा-बारा वेळा उघडझाप केली की काळा चिखल बाहेर येतो, तो बांबूच्या टूथपिकने काढा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घालू नका, काही महिन्यांत त्याचा चिकटा होतो आणि पातं उघडायला नख तुटतं.

शिंगाच्या मुठीबद्दल एक गोष्ट कानाआड करू नका. तुम्ही वर्णन केलंय ते काळं, गुळगुळीत शिंग म्हशीचं असावं, त्यात अडचण नाही. पण जुन्या बाजारात खडबडीत, तपकिरी-पांढऱ्या मुठीचे देखणे चाकू दिसतील. ते सांबराचं शिंग. गंमत अशी की शेफील्ड आणि जर्मनीतल्या सोलिंगेनच्या कारखान्यांना हे शिंग मोठ्या प्रमाणावर आपल्याच जंगलांतून जायचं. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. हस्तिदंताचंही तेच. विक्रेता ‘साहेब, हाड आहे’ म्हणेल. भिंगाखाली हस्तिदंतावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, हाडावर काळे ठिपके आणि रेघा. ओळखता येत नसेल तर सरळ सोडून द्या.

हे सगळं झालं की दुसऱ्या चाकूचा विचार. इथे एकच सल्ला देतो: सूत्र धरा. सूत्र कसलंही चालेल. एकाच कंपनीचे सगळे आकार, एकाच गावचे चाकू, फक्त फळं कापायचे, फक्त लष्करी, फक्त ज्यांच्या अंगावर वर्ष वाचता येतं असे. सूत्र असलं की दुकानात ‘नको’ म्हणता येतं, आणि दोन हजारांच्या बजेटमध्ये ‘नको’ म्हणता येणं फार महत्त्वाचं. काही सूत्रं आपल्या हवेला आणि खिशाला मानवतात, ती सांगतो.

स्विस चाकू सगळ्यांत सोपं. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख इथे कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा तो सुप्रसिद्ध हलका चाकू नोंदवला. आईचं नाव व्हिक्टोरिया, पोलाद न गंजणारं म्हणजे ‘इनॉक्स’, यांतून १९२१ मध्ये व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झालं. जमवणारे या चाकूंना लांबीने ओळखतात: ५८ मिलिमीटर किल्लीच्या जुडग्याला लावायचा, ८४, ९१ हा नेहमीचा, ९३ हा ॲल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा, आणि १११ हा मोठा. एकाच लांबीतले, पण कमी-जास्त थरांचे म्हणजे कमी-जास्त साधनांचे चाकू जमवत गेलं तर दोन-तीन वर्षांत सुरेख मालिका होते. पोलाद स्टेनलेस, त्यामुळे आपल्या खाडीच्या हवेत झोप उडत नाही. दुसरं नाव वेंगर. ती कंपनी २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि २०१३ पासून वेंगर नावाचे चाकू बंद झाले, म्हणून जुन्या वेंगरना आता मागणी आहे. सैनिकांच्या १९६१ च्या नमुन्याच्या चाकूवर तर पात्याच्या बुडाशी वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. स्वतःच्या जन्मवर्षाचा शोधणारे बरेच भेटतात, तुमच्या बाबतीत वडिलांच्या वर्षाचा शोधा.

स्टेशनबाहेर हातगाडीवर मिळणारा लाल मुठीचा, पांढऱ्या फुलीचा दोन-अडीचशेचा चाकू हा यात धरायचा नाही, हे सांगायला नको. खरा-खोटा ओळखायला मोठ्या पात्याच्या बुडावरचा शिक्का बघा, आणि मुठीवरच्या ढालीवरून नख फिरवा. नेहमीच्या खऱ्या ९१ मध्ये ढाल धातूची आणि मुठीत सपाट बसवलेली असते, नख अडकत नाही. नकलीत ती छापलेली किंवा वर चिकटवलेली सापडते. कात्री असली तर कागदाची कड कापून पाहा. नक्कल करणाऱ्याला पातं जमतं, कात्री जमत नाही.

दुसरं सूत्र ओपिनेलचं, आणि माझा जीव यात जास्त. फ्रान्सच्या साव्वा भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक रिव्हेट. १८९७ पासून १ ते १२ असे क्रमांक पडले, पुढे १ आणि ११ बंद झाले. पातं मिटू नये म्हणून असलेली फिरती कडी १९५५ मध्ये आली, म्हणजे कडी नसलेला मोठा ओपिनेल दिसला तर तो एकतर जुना आहे किंवा कडी हरवलेला. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, हातात बसायला सर्वांत नेमका. क्रमांकांची मालिका पुरी करणं हे नवख्याला परवडणारं आणि संपणारं सूत्र आहे, आणि संपणारी सूत्रं या छंदात दुर्मीळ.

पण जूनमध्ये त्याच्या लाकडाचं काय होतं ते आधी ऐका. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभरात मूठ हवेतलं पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत असं घट्ट बसतं की नखाने निघत नाही. पक्कड लावू नका. कडी मोकळी करा, चाकू मिटलेलाच ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर खटकन आपटा, पातं थोडं वर येतं आणि मग बोटांनी काढता येतं. साव्वाचे शेतकरी हेच करत आले आहेत. कायमचा इलाज हवा तर मे महिन्यात, लाकूड कोरडं ठणठणीत असताना, मुठीला जवसाचं तेल पाजा. ब्रशने लावा, तासाने पुसा, दोन दिवस सुकवा, असं तीन-चार वेळा. तेल पुसलेलं फडकं चुरगळून टाकू नका, दोरीवर पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. हा चाकू कार्बन पोलादातही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. पहिला कार्बनचा घ्या. कैरी कापली की पातं निळं-काळं पडतं, लिंबाने डाग उमटतात, कांद्याने वेगळे. पोलाद म्हणजे काय हे यातून जेवढं कळतं तेवढं स्टेनलेसचे दहा चाकू बाळगून कळत नाही.

अमेरिकन केस कंपनीचे चाकू आपल्याकडे क्वचित दिसतात, पण तारीख वाचण्याच्या हौशीला यासारखं खाद्य नाही. १९७० पासून त्यांनी शिक्क्याखाली १० ठिपके घातले आणि दर वर्षी एक कमी केला, म्हणजे १९७९ ला एकच उरला. १९८० मध्ये पुन्हा १० पासून सुरुवात, आणि गोंधळ नको म्हणून नावातला ‘एस’ विजेसारखा कोनदार केला. ठिपके मोजायचे, ‘एस’ पाहायचा, वर्ष हातात.

जपानचा हिगोनोकामी स्वस्त आणि मजेदार, पत्र्याची दुमडलेली मूठ, ना स्प्रिंग ना लॉक, पात्याच्या शेपटीवर अंगठा ठेवून धरायचा. फ्रान्सचं लागिओल हे नाव मात्र आजवर अनेकांनी वापरलंय, त्यामुळे नुसत्या नावावर किंवा मुठीवरच्या माशीवर पैसे टाकू नका.

आणि रामपुरी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. रामपूरची कारागिरी खरी आहे, गावाने २०२३ मध्ये चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारून तिचा मानही केला. पण लांब पात्याचा, उघडताना करकर वाजणारा गरारीदार रामपुरी हा नवख्याचा चाकू नाही. बाजारात ‘रामपुरी’ म्हणून मिळणारा बहुतेक माल हलका असतो आणि पोलिसांना त्याचा आकार चांगला ओळखीचा आहे. देशी काही हवं असेल तर अडकित्त्यांकडे वळा. तेच पोलाद, तोच सांधा, आणि कारागिरांची कल्पनाशक्ती कितीतरी मोकळी: घोडे, पोपट, नर्तकी, जोडपी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा पाहून या. आजोबांच्या घरात चाकू होता म्हणजे अडकित्ताही असणार. तो कुणी उचलला ते शोधा.

कुठे बघायचं. तुम्हाला हार्बर लोकल सोयीची आहे, सँडहर्स्ट रोडला उतरून चालत चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर जा. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. तो बघायला मजा येते, पण घाईत घेतलेला माल घरी जाऊन उजेडात पाहिला की उत्साह मावळतो. तिथे ‘ब्रिटिश जमाने का’ हे वाक्य टाचणीपासून तोफेपर्यंत सगळ्याला लावतात. घड्याळजीचं दहापट भिंग आणि छोटा टॉर्च खिशात असू द्या. चाकू हातात घेतल्यावर विक्रेत्याकडे बघू नका, चाकूकडे बघा: शिक्का, पाठीवरची फट, चाल, हलणं, मग मूठ, आणि सगळ्यांत शेवटी धार. धार परत लावता येते, बाकीचं नाही. ब्रिटिश सैनिकांचा जाड घडीचा चाकू, एका बाजूला डबा उघडायचं साधन आणि पाठीला दोरीच्या गाठी सोडवायचा टोचा, अधूनमधून निघतो. त्यावर बाणाच्या टोकासारखी सरकारी खूण असते. पातं सांध्यातून हलत नसेल तर सोडू नका.

पुढचंच स्टेशन मस्जिद. तिथून नागदेवी स्ट्रीट. तिथे चाकू फारसे नाहीत, पण धारेचे दगड, पितळी पट्ट्या, बारीक फायली, रिव्हेटच्या तारा सगळं मिळतं, आणि मॉलपेक्षा बरंच स्वस्त. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपासच्या जुन्या भांड्यांच्या आणि लोखंडी सामानाच्या दुकानांत काउंटरमागच्या खणात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल कधीकधी निघतो. विचारल्याशिवाय तो कुणी दाखवत नाही. ‘जुना, न खपलेला फोल्डिंग चाकू आहे का’ असं विचारायचं, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. येऊरच्या बाजूला पायपीट करणाऱ्या, सह्याद्रीत फिरणाऱ्या मंडळींशी ओळख काढा, त्यांच्याकडे वापरून कंटाळलेले स्विस चाकू असतात. आणि नातेवाइकांचे खण. माझ्या संग्रहातले चांगले चाकू बाजारातून कमी आणि ‘हे घेऊन जा बाबा, आमच्याकडे पडून आहे’ यातून जास्त आलेत.

‘दमास्कस’ (पोलादाचे थर जोडून केलेलं) म्हणून लाटालाटांचं पातं कुणी ऑनलाइन दोन हजारांत देत असेल तर फोटोत पात्याची पाठ दाखवायला सांगा. खरी थरांची नक्षी पाठीवरून दुसऱ्या बाजूला जाते, ॲसिडने काढलेली पृष्ठभागावरच थांबते.

कायद्याचं थोडक्यात आणि ठामपणे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्याच्या यादीत येणारी पाती म्हणजे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची सोडून. तुमचे चाकू दोन ते चार इंचांचे, त्यामुळे घरात ठेवायला अडचण नाही. पण घरात ठेवणं वेगळं आणि खिशात घेऊन फिरणं वेगळं. ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयं सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात चाकू, सुरे, काठ्या बाळगायला बंदी असते. असे आदेश वर्षभरात वारंवार निघतात, म्हणून मी नियमच केलाय: चाकू अंगावर नाही. बाजारातून आणताना तो कागदात गुंडाळून, दोरीने बांधून, सॅकच्या तळाशी, बिल किंवा निदान विक्रेत्याची चिठ्ठी बरोबर. मेट्रोत आणि मॉलमध्ये तपासणी असते, त्या दिवशी तिकडे जाऊ नका. बटण दाबल्यावर पातं सुटणारा कोणताही प्रकार घेऊ नका, कितीही स्वस्त असो. आणि चाकू हातात घेऊन रील काढायची नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

आईचा मुद्दा इथेच येतो आणि तो अगदी चुकीचा नाही. तिला ‘छंद आहे गं’ म्हणून भागणार नाही. कुलूप असलेला खण घ्या, किल्ली एकच, ती तुमच्या ताब्यात, पण तिला माहीत असलेल्या जागी. घरात भाचरं येत असतील तर चाकू उघडा ठेवून जेवायला उठणं बंद. आजोबांचा चाकू तिलाच साफ करायला द्या, तेल तिच्याच शिलाई मशीनचं वापरा. आमच्याकडे खंडेनवमीला सगळे चाकू बाहेर निघतात, पुसले जातात, हळद-कुंकू लागतं. हळद-कुंकू पात्यावर रात्रभर राहू देऊ नका, ओलसर राहून डाग पडतात.

ठेवण्याची पद्धत आपल्याकडे निम्मा छंद आहे. चामड्याच्या पाकिटात चाकू साठवू नका. चामडं ओल धरतं, पोलाद गंजतं आणि पितळेच्या पत्र्यांवर हिरवा चिकट थर चढतो. पाकीट वेगळं, चाकू वेगळा. प्लास्टिकचा झाकणबंद डबा, तळाला सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांचं जेल मिळालं तर बरं, दाणे गुलाबी झाले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे (तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही). जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा डबा उघडून प्रत्येक पात्यावर तेलाचं बोट फिरवा. जे पातं खाण्यासाठी वापरता त्याला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. आणि पुसून ठेवल्यावर पात्याला बोट लावू नका, घामाच्या ठशाचा गंज मी अक्षरशः ठशाच्या रेषांसकट उमटलेला पाहिलाय.

जुन्या सेल्युलॉइडच्या मुठींचे चाकू मात्र या डब्यात नको. कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या चमकणाऱ्या, साधारण १९५० च्या आधीच्या प्लास्टिकसारख्या मुठी सेल्युलॉइडच्या असू शकतात. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे निरोगी चाकू गंजतात. एखाद्या बंद डब्यातला नेमका एकच कोपरा गंजलेला दिसला तर आधी त्या मुठीवर संशय घ्या. असा चाकू उघड्यावर, एकटा ठेवा.

धार लावायला एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) पाण्याचा दगड पुरे. पात्याची पाठ दगडापासून साधारण दोन नाण्यांच्या जाडीइतकी उचला आणि तो कोन सोडू नका. आधी स्वयंपाकघरातल्या स्वस्त सुरीवर हात बसवा, मग ओपिनेल, आजोबांचा चाकू कधीच नाही.

एक वही करा. प्रत्येक चाकूचं एक पान: कुठून, कधी, किती रुपये, शिक्का जसाच्या तसा काढलेला, पात्याची लांबी, दोष. दोष आवर्जून लिहा. दहा पानं झाली की तुमचं सूत्र काय आहे ते वहीच सांगते, बऱ्याचदा तुम्ही ठरवलेलं सूत्र ते नसतं.

राहिला मावसभाऊ. त्याला सोलिंगेनचं नाव सांगा. त्या गावाचं नाव कायद्याने राखीव आहे, आधी १९३८ मध्ये आणि नव्या स्वरूपात १९९४ मध्ये. महत्त्वाची सगळी कामं तिथेच झाली असतील तरच पात्यावर ‘सोलिंगेन’ लिहिता येतं. तेव्हा त्याने पात्यावर तो शब्द आहे का एवढंच बघायचं. बोकर कंपनीचा झाडाचा शिक्का चांगला, पण त्यांच्या ‘प्लस’ आणि ‘मॅग्नम’ या मालिका मुख्यतः आशियात बनवून घेतलेल्या असतात, त्यासाठी जर्मनीहून सामान वाहायची गरज नाही. ऑटर कंपनीचा मर्केटर, काळ्या पत्र्याच्या मुठीवर उडी मारणारं मांजर, कार्बन पोलादाचा, सपाट आणि हलका. मी त्याच्या जागी असतो तर हाच आणला असता. विमानात चेक-इन बॅगेत ठेवायचा, हातातल्या बॅगेत अजिबात नाही, आणि विमानतळापर्यंत रेल्वेने जाणार असेल तर तिथे चाकूबद्दल अलीकडे नियम कडक झालेत, ते आधी पाहून घ्यायचे. बिल जपून ठेवायला सांगा, वहीत चिकटवता येईल.

या महिन्यात काही घेऊ नका, भिंग आणि तेल सोडून. पुढच्या महिन्यात कार्बनचा ८ नंबर ओपिनेल. आणि आजोबांच्या चाकूचा शिक्का पावडर लावून उमटला की तो जसाच्या तसा कागदावर काढून पाठवा, तो कुणाचा आणि कोणत्या राजा-राणीच्या काळातला यावर पुढचं बोलू.